एकेचाळीस नंबरचा कोपरा

आक्काबाई गेल्याचं कळलं त्या दिवशी बिरदेव लोणी देवकरच्या माळावर एका प्लॉटचा दगड बसवत होता. ती जाऊन तोवर चार दिवस झाले होते.

हायवेच्या अंगानं एक माणूस सायकल हातात धरून चालत येताना दिसला. जवळ आल्यावर बिरदेवनं ओळखलं. सोनबा, त्याचा मेव्हणा, आक्काबाईचा धाकटा भाऊ. डोक्याला पटका नव्हता.

"पंक्चर झाली का रं?" बिरदेवनं खड्ड्यातूनच विचारलं.

"न्हाय दाजी."

"मग चालत का आलायस?"

"बसवंना तिच्यावर."

सोनबानं सायकल आडवी टाकली आणि मातीच्या ढिगावर बसला. सोनबा दिवाळी झाल्यावर मेंढरं घेऊन बारामतीकडं गेला होता. त्याची बायको बाळंत झालेली, म्हणून आक्काबाई दोन महिन्यांसाठी त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर गेली होती. सोनबानं सगळं सांगितलं. पहाटेची वेळ. मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या खुंट्या ती उपटत होती. छातीत कळ आली म्हणाली आणि जाळीला टेकून बसली. जाळी खाली आली, तशी तीही. जीप मिळेपर्यंत काही उरलं नाही. निरवांगीला बिरदेवच्या घरी माणूस पाठवला, तर दाराला कुलूप. बिरदेव लोणीत कामाच्या शेडवर राहायचा, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तो तसाच परत गेला.

"दीड दिस वाट बघितली दाजी. मग मातीत ठिवली. किती बघणार?"

बिरदेवनं सगळं ऐकलं. मग खाली वाकून त्यानं दगडाच्या कडेची माती ठोकायला घेतली. अर्धा बसलेला दगड तसाच सोडला तर कलतो. त्यानं चारी बाजूंनी माती भरली, पहारीच्या बुंध्यानं ठोकली, ओळंबा लावून बघितला आणि मग वर आला. पुढं कितीतरी दिवस त्याला हे आठवायचं. बायको गेल्याचं कळल्यावर आपण अर्धा तास दगड ठोकत होतो, आणि त्या वेळी ते बरोबरच वाटलं होतं.

"चल," तो म्हणाला. "दाव कुठं ठिवलीस."

हात धुवायचे राहून गेले. इंदापूरला एसटीत बसला तेव्हा ते त्याच्या ध्यानात आलं.

*

बिरदेवचा बाप मेंढरांमागं जन्मभर चालला. बिरदेवनंही निम्मं आयुष्य चालून काढलं. एका दुष्काळात मेंढरं विकली आणि तो औद्योगिक वसाहतीच्या कामावर आला. त्याला आता सहा वर्षं झाली होती. कंपन्या यायच्या आधी जागा तयार करायची, हे काम. काटेरी झुडपं तोडायची, चढउतार मोडायचे, रस्ते आखायचे, पाण्याची लाइन आणायची, विजेचे खांब उभे करायचे. शेवटी प्रत्येक प्लॉटच्या चार कोपऱ्यांना दगड. साइटचे इंजिनीअर आप्पासाहेब म्हणायचे, "जागा दाखवणं म्हणजे पोरगी दाखवणं. एक डाग दिसला की पाहुणे चहा पिऊन उठतात."

दगड हे बिरदेवचं काम होतं. मोजणीवाले खुंटी मारून जायचे. खुंटीच्या जागी हा दोन हात खड्डा घ्यायचा, तळाला पाटीभर कोळसा टाकायचा आणि त्यावर दगड. कोळसा कुजत नाही. उद्या कुणी दगड हलवला, तर खणून बघायचं. कोळसा निघाला तिथं खरी हद्द. ही त्याची जुन्या माणसांकडून घेतलेली रीत होती, आणि आप्पासाहेबांनी ती मोडू दिली नव्हती. सहा वर्षांत त्याचा दगड कुणी फिरून मोजला नव्हता. बिरदेवनं बसवला म्हणजे बसला.

बारामतीच्या अलीकडं सोनबा त्याला एका मोठ्या उघड्या माळावर घेऊन आला. मातीचा उंचवटा होता, वर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. कुत्री उकरतात म्हणून.

"हितंच का?" बिरदेवनं विचारलं.

"सरकारी माळ हाय दाजी. कुणाचा बांध न्हाय, कुणाचा नांगर न्हाय. कुणाच्या रानात ठिवली असती तर उद्या मालकानं ऊस लावला असता. हितं कोण येतंय? निवांत हाय."

बिरदेवनं इकडं तिकडं बघितलं. सिमेंटचे नवे खांब, त्यावर पांढऱ्या रंगानं घातलेले आकडे. पाण्यासाठी मोऱ्या टाकलेला नवा कच्चा रस्ता. झुडपांना बांधलेल्या लाल चिंध्या. हा माळ कसला आहे ते त्याला तिथं पाऊल टाकल्या टाकल्याच कळलं होतं. सोनबाला तो काही बोलला नाही. सोनबानं आपल्या परीनं चांगलीच जागा शोधली होती.

त्यानं फांद्या सारख्या केल्या. मग उठून जवळच्या खांबापासून उंचवट्यापर्यंत पावलाला पाऊल लावून चालला. तसाच मोरीच्या कडेपासूनही चालला.

"काय करताय?" सोनबानं विचारलं.

"काय न्हाय. सवय."

त्यांच्या घराण्यात मेलेल्या माणसाच्या डोक्याशी दगड लावतात. बाईचा दगड नवऱ्यानं लावायचा, वर्ष फिरायच्या आत. मेंढरांमागं फिरणारी माणसं जिथं मरतील तिथं ठेवली जातात. बिरदेवची आजी फलटणच्या पुढं एका घाटाच्या पायथ्याला होती, चुलता नीरेच्या काठाला. दरसाल कळप त्या वाटेनं निघाला की तिथं थांबायचा. दगडाला भंडारा लावायचा, चार वाक्यं बोलायची, पुढं जायचं. दगडच नसला तर कळप थांबत नाही. दोन-चार वर्षांत ती जागा कुणाला सांगता येत नाही, आणि मग ते माणूस वाटेवर राहत नाही. बिरदेवचा एक भाऊ लहानपणी असा हरवला होता. आई म्हातारपणी त्या रस्त्यानं जाताना नुसती इकडं तिकडं बघायची.

"दगड म्या लावीन," बिरदेव म्हणाला.

"तुमीच लावायचा," सोनबा म्हणाला.

*

दहावा निरवांगीला नदीवर झाला. लासुर्ण्याला दिलेली लेक छकुली आली होती. बापाला घरात बसवेना हे तिनं बघितलं. तो दार उघडायचा, विहिरीपर्यंत जायचा, परत यायचा, भाकरीसमोर बसायचा आणि पुन्हा उठायचा.

"आबा, जरा पडा की."

"पडतो."

"तासभर झालं पडतो म्हणताय."

"तू जेव."

चौदाव्या दिवशी तो कामावर गेला. त्याच दिवशी आप्पासाहेबांनी सांगितलं की सगळ्या टोळीला बारामतीला हलायचं आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक मोठी कंपनी पंधरवड्यात जागा बघायला येणार होती. सहाशे माणसं कामाला घेणार. कंपनीनं इतर दोन ठिकाणी जागा बघितल्या होत्या, ही तिसरी.

"कुठला प्लॉट?" बिरदेवनं विचारलं.

"एकेचाळीस."

बारामतीला त्या माळावर पोचला तेव्हा डोझर फिरून गेला होता. उंचवटा नव्हता, फांद्या नव्हत्या, सगळा माळ तव्यासारखा एकसारखा. डोझरनं वरची वीतभर मातीच ओढली होती. सोनबानं पुरुषभर खोल घेतलं होतं, म्हणजे तिला धक्का नव्हता. पण वरून बघणाऱ्याला तिथं काहीच नव्हतं.

खांब होता आणि मोरीही होती. बिरदेवनं झुंबरला हाक मारली. झुंबर टोळीत टेप धरायचा. सकाळीच थोडी घेऊन यायचा आणि दिवसभर बडबडायचा, पण टेप ताठ धरायचा.

"तात्या, खुंट्या तर मारून झाल्यात. आता काय मोजताय?"

"धर म्हणलं की धरायचं."

"धरतो की. तुमी म्हणाला तर आयुष्यभर धरतो. पगार चालू ठेवा म्हंजे झालं."

खांबापासून एक माप, मोरीपासून दुसरं. दोन्ही जिथं मिळाली तिथं बिरदेवनं टाचेनं खूण केली. मग मान वळवून एकेचाळीस नंबरच्या कोपऱ्याची खुंटी बघितली. ती नऊ फुटांवर होती. नऊ फुटांनी आक्काबाई प्लॉटच्या आत होती.

आप्पासाहेबांना सांगावं असं त्यानं ठरवलं. दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेला. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा त्यांनीच सुरुवात केली.

"बरं झालं आलात. बिरदेवराव, प्लॉटमध्ये कुठं शेंदूर लावलेला धोंडा, थडगं, झाडाखालचा देव असलं काही दिसलं तर पहिलं मला सांगायचं. मागं एका ठिकाणी पाहुणे गाडीत बसले आणि गेले, नुसत्या एका दगडापायी. गावातले चार जण येऊन उभे राहिले, म्हणाले इथं आमचा देव आहे. कागदावर मी सही केलीय, जागेत काही नाही म्हणून. तुमचं काय काम होतं?"

"कोळसा संपलाय," बिरदेव म्हणाला.

"मागवतो."

त्या रात्री शेडवर त्याला झोप आली नाही, पण रात्री त्यानं काही केलं नाही. जे केलं ते भर दुपारी, सगळे भाकरी सोडून बसले असताना. तो उठून कोपऱ्याशी गेला, खुंटी उपटली, नऊ फूट आत आला आणि टाचेच्या खुणेवर ती ठोकली. जुनी जागा पायानं सारखी केली. एवढंच केलं.

डोक्यात सगळं ठरलेलं होतं. कंपनी दगडाच्या आतून भिंत घालणार. दगड भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला राहणार. सोनबाचा कळप त्या रस्त्यानं जाईल. कुणी विचारलं तर तो प्लॉटचा दगड. आपल्याला ठाऊक की कुणाचा. सरकारी दगडाला कुणी हात लावत नाही. नऊ फूट एवढ्या मोठ्या कंपनीला काय जड?

संध्याकाळपर्यंत खड्डा, कोळसा, दगड, माती, सगळं झालं. ओळंबा त्यानं तीनदा लावला. मग दगडावर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. झुंबर टेप गुंडाळत आला आणि एक डोळा मिटून बघायला लागला.

"तात्या, ह्यो जरा आत आल्यावानी दिसतोय का?"

"तुजंच डोळं आत गेल्यात."

"आसंल बाबा," झुंबर म्हणाला आणि हसत गेला.

*

कंपनीचे तिघं आले. दोघं सुटातले, एक साध्या शर्टातला. आप्पासाहेबांनी नकाशा दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, लाइट किती दाबाची ते सांगितलं. सुटातले मान हलवत होते. साध्या शर्टातल्यानं आपल्या पिशवीतून टेप काढला.

"दोन्ही कर्ण बघू या का?" तो म्हणाला.

कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप. प्लॉट चौकोनी असेल तर दोन्ही मापं एकसारखी यायला हवीत. बिरदेव पंधरा-वीस पावलांवर पहार घेऊन उभा होता. पहिलं माप झालं, मग दुसरं. साध्या शर्टातल्यानं वहीत बघितलं आणि पुन्हा मोजायला लावलं. आप्पासाहेब आधी हसत होते, मग त्यांचं हसू थांबलं.

"नऊ फुटांचा फरक आहे," तो माणूस म्हणाला. आवाज चढवला नाही. "भिंत घालताना कळलं असतं तर आम्ही कोर्टात असतो, साहेब. बाकीचे आकडे तरी बरोबर आहेत ना? पाण्याचे, लाइटचे?"

आप्पासाहेबांनी आठवडा मागून घेतला. पुढच्या गुरुवारी पुन्हा या, तोवर सगळा प्लॉट नव्यानं मोजून ठेवतो म्हणाले. पाहुणे चहा न पिता गेले.

गाडी वळली तसे आप्पासाहेब टोळीकडं आले. बिरदेवकडं त्यांनी बघितलंही नाही. "झुंबर. टेप तू धरला होतास?"

"व्हय साहेब."

"पिऊन धरला होतास?"

झुंबरनं डोकं खाजवलं. "थोडी घेतली हुती साहेब."

"नऊ फूट! माझी सही आहे त्या कागदावर. उद्यापासून येऊ नकोस."

बिरदेवला वाटलं, झुंबर आता म्हणेल की खुंटी मोजणीवाल्यांनी मारली होती, माझा काय संबंध. म्हणेल की मी तात्यांना बोललो होतो, दगड आत दिसतोय म्हणून. झुंबर असलं काहीच बोलला नाही. त्यानं टेप व्यवस्थित पुसून पेटीत ठेवला आणि चप्पल शोधायला लागला. चूक आपलीच असणार, असं त्याला खरंच वाटत होतं.

बिरदेव बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मोजणीवाले परत येणार होते शनिवारी, मग कळलं सोमवारी. तेवढ्या वेळात काही होईल असं त्याला वाटत होतं, काय होईल ते ठाऊक नव्हतं. काम नसलं तरी तो प्लॉटभोवती फिरायचा. एकदा पाणी प्यायला निघाला आणि चालत भिगवणच्या रस्त्यापर्यंत गेला. जेवताना उठायचा. टोळीतली माणसं आपसात म्हणायची, बायको गेलीय, चालायचंच.

दगडाजवळ मात्र त्याला थांबवत नव्हतं. आधी वाटलं होतं, येता जाता हात लावता येईल. आता तिथं गेलं की झुंबर चप्पल शोधताना दिसायचा.

रविवारी तो झुंबरच्या झोपडीवर गेला. झुंबरची बायको सारजा दारात शेण कालवत होती.

"तात्या आलं बगा," ती आत बघून म्हणाली. मग बिरदेवला म्हणाली, "तीन दिस झालं, थेंब घेतला न्हाय. मला तर वाटतंय रोजच कामावरनं काढावं ह्यास्नी."

झुंबर बाहेर आला. खरंच शुद्धीत होता, आणि त्यामुळं म्हातारा दिसत होता.

"बसा तात्या. च्या ठिवतीय ती."

"च्या नको."

"रागवलात व्हय? रागवा. माझ्यापायी तुमच्या दगडाला बोल लागला. सा वर्सात कुणाची हिंमत झाली न्हवती मोजायची. म्या इचार करतोय, टेप कुठं दुमडला आसंल. गवतात आडकला का काय. काय ध्यानातच येत न्हाय बगा."

"न्हाय दुमडला," बिरदेव म्हणाला.

"मग?"

बिरदेव उठला. "उद्या कामावर ये," म्हणाला आणि निघाला.

"साहेब न्हाय म्हणलंय की."

"ये म्हणतोय न्हवं."

*

आप्पासाहेब सोमवारी सकाळी एकटेच ऑफिसात होते. बिरदेव उभ्यानंच बोलला. खुंटी आपण हलवली. कधी हलवली, किती हलवली, कशासाठी हलवली. तिथं कोण आहे. झुंबरचा त्यात काही दोष नाही.

आप्पासाहेबांनी टेबलावरचा नकाशा पुढं ओढला. त्यांनी पेन्सिल उचलली, कोपऱ्यावर टेकवली, परत ठेवली.

"कुठं झालं हे? वहिनींचं?"

"मेव्हण्याच्या बिऱ्हाडावर."

"मला वाटलं गावी झालं सगळं. तुम्ही बोलला नाहीत."

"बोलायला आलतो. दोनदा."

ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला. "आता मी काय करू सांगा. कागदावर लिहू, की आत थडगं आहे? सहाशे माणसांच्या नोकऱ्या परत जातील. त्यात तुमच्या निरवांगीची पन्नास पोरं असतील. आणि न लिहिता दगड तिथं ठेवू, तर ते गुरुवारी परत मोजणार."

"ठिवा म्हणत न्हाय म्या."

"मग काढून दुसरीकडं नेऊ या का त्यांना? गावाला. माणसं देतो, गाडी देतो. कुणाला कळणार नाही."

"आमच्यात एकदा मातीत ठिवल्यालं हलवत न्हाईत."

"मग?"

"मग काय न्हाय. दगड काढतो."

आप्पासाहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला सांगतो. तुम्ही नका जाऊ."

"माझाच दगड हाय," बिरदेव म्हणाला. "झुंबरला घ्या फकस्त."

झुंबर आला होताच. मोजणीवाल्यांनी खुंटी पुन्हा मूळ जागी मारली. बिरदेवनं आतला दगड सैल केला, दोघांनी मिळून तो आडवा केला. खड्ड्याच्या तळाला कोळसा होता. तो ठेवावा की काढावा, यावर बिरदेव जरा वेळ थांबला. ठेवला असता तर कुणालाच दिसला नसता. पण पुढं कधी हद्दीचं भांडण झालं आणि कुणी खणून बघितलं, तर तो कोळसा खोटं बोलला असता. बिरदेवनं खड्ड्यात उतरून तो वेचून पाटीत भरला. बारीक चूरसुद्धा.

"ह्याच्यासाटी हलवला हुता व्हय," झुंबर वरून म्हणाला. आप्पासाहेबांनी त्याला सांगितलं असावं. "मला बोलायचं तात्या. म्या टेपच खोटा वाचला आसता."

"म्हणूनच न्हाय बोललो."

त्यांनी खड्डा बुजवला. बिरदेवनं त्यावर पाय दिला नाही, हातानं माती दाबली. मग नऊ फूट पुढं जाऊन नवा खड्डा घेतला, कोळसा टाकला, दगड बसवला, ओळंबा लावला. झुंबरनं टेप धरला. दोन्ही कर्ण सारखे आले.

गुरुवारी कंपनीचा साध्या शर्टातला माणूस एकटाच आला. त्यानं मोजलं, वहीत लिहिलं, आप्पासाहेबांचा हात हातात घेतला. जागा घेऊ का नको, ते महिनाभरात कळवतो म्हणाला. आप्पासाहेब खूश होते. संध्याकाळी सगळ्यांना भजी मागवली.

बिरदेव भजी हातात घेऊन उठला आणि रस्त्याकडं चालत गेला. कळप आषाढाच्या तोंडाला याच वाटेनं परत फिरणार होता. सोनबा माळावर थांबणार आणि दगड कुठं हाय दाजी म्हणून विचारणार. तोवर तिथं भिंत आली असेल किंवा आली नसेल. भिंतीच्या बाहेर लावावा तर ती तिथं नाही, आणि आत लावता येत नाही. निरवांगीला घराशी लावावा तर कळप त्या वाटेनं जात नाही. बिरदेव हे सगळं चालता चालता पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि माप कुठंच मिळत नव्हतं. मोरीपर्यंत जाऊन तो माघारी फिरला, शेडपर्यंत आला, परत फिरला.

सोनबाला त्यानं अजून काही कळवलेलं नाही. आक्काबाईच्या डोक्याशी दगड लावायचा राहिला आहे.